गोळीवरचा ओरखडा आणि साक्षीतले वाक्य

१

उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून न देता साफ करायची, तिच्या बुडाशी नवी टोपी बसवायची, मापून दारू भरायची आणि तोंडाशी नवी गोळी दाबून बसवायची, हा उद्योग अमेरिकेतील असंख्य नेमबाज आपल्या तळघरात किंवा गॅरेजात करीत असतात. या कामात नवख्या माणसाला हटकून एक शंका येते. गोळी पुंगळीत दाबणाऱ्या दांड्याचा आकार गोळीच्या नाकाशी नीट जुळत नसेल, तर शिशावर एक गोल कडे उमटते. पुंगळीचे तोंड पुरेसे रुंदावलेले नसेल, तर गोळीच्या अंगावरून शिशाची बारीक साल निघते. अशी गोळी वापरावी की बाजूला काढावी? जाणते लोक सांगतात की कडे उथळ असेल तर चिंता नको, ती खूण दिसण्यापुरती आहे, तिने नेम बिघडत नाही. साल निघत असेल तर मात्र कामात काही चुकते आहे, ते सुधारावे.

एकाच गोळीवरच्या दोन खुणा. त्यांतली एक निरर्थक आणि दुसरी अर्थपूर्ण. हा निवाडा वरवर कारागिरीचा वाटतो. परंतु ज्यांचा व्यवसाय संहिता वाचण्याचा आहे, त्यांना तो ओळखीचा वाटावा. कोणती खूण अर्थ सांगते, कोणती निव्वळ अपघाताने उमटली आहे आणि हे कोणी, कोणत्या आधारावर ठरवायचे, हा वाचनव्यवहारातला मूळ प्रश्न आहे. कार्लो गिन्झबुर्ग या इटालियन इतिहासकाराने १९७९ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात चित्रांतील कानाच्या पाळ्या तपासणारा मोरेल्ली, रुग्णाच्या बोलण्यातील निसटत्या तपशिलांकडे लक्ष देणारा फ्रॉइड आणि शेरलॉक होम्स या तिघांना एका सूत्रात गुंफले होते. क्षुल्लक वाटणाऱ्या खुणेवरून मोठ्या गोष्टीचा माग काढण्याची ती परंपरा. गोळीवरचे ओरखडे वाचणारा तज्ज्ञ हा या परंपरेचाच वारस म्हणावा लागेल. फरक एवढाच की त्याच्या वाचनाच्या शेवटी कधी कधी माणसाचा प्राण पणाला लागलेला असतो. या वाचनाचा इतिहास पाहताना खुणेइतकेच लक्ष खुणेविषयी उच्चारलेल्या वाक्याकडे द्यावे लागते, हे येथे मांडायचे आहे.

२

गोळीवर साधारणपणे तीन वेळा खुणा उमटतात. पहिल्यांदा ती घडताना: ओतीव गोळीवर साच्याची शिवण राहते, साच्यातला दोष तिच्या अंगावर उतरतो, कारखान्यातील गोळीला यंत्राची पन्हळ पडते. दुसऱ्यांदा ती काडतुसात भरली जाताना. तिसऱ्यांदा बार उडताना: नळीच्या आतील पेचदार आटे गोळीला फिरकी देतात आणि देतादेताच तिच्या अंगावर आपला ठसा उमटवतात. हत्याराची ओळख सांगतो तो हा तिसरा थर. पहिले दोन थर बाजूला सारल्याशिवाय तिसरा वाचता येत नाही. एका दृष्टीने ही गोळी म्हणजे पुसून पुन्हा पुन्हा लिहिलेली पाटी होय.

गंमत अशी की या विद्येचा आरंभ तिसऱ्या थरापासून झालाच नाही. ठासणीच्या बंदुकांत नळी बहुधा आतून गुळगुळीत असे आणि गोळ्या लोक घरीच ओतून घेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील लँकेशर परगण्यात एडवर्ड कलशॉ नावाच्या माणसाचा खून झाला. दारू आणि गोळी घट्ट बसावी म्हणून नळीत कागदाचा बोळा ठासत. तो बोळा जखमेत सापडला. जॉन टॉम्स या संशयिताच्या खिशातील फाटक्या छापील कागदाशी त्याची कड तंतोतंत जुळली आणि तेवढ्यावर टॉम्स दोषी ठरला. एका अर्थी ही संहितेचीच जुळणी होती, आणि तुकडा कोणत्या पानाचा आहे हे सांगायला शस्त्रतज्ज्ञाची गरजही नव्हती.

१८३५ मध्ये साउथॅम्पटनला घडलेली हकीकत घरगुती गोळ्यांचीच आहे. मॅक्सवेलबाईंच्या घरी जोसेफ रँडल नावाचा खानसामा होता. चोर शिरले, त्यांनी आपल्यावर गोळी झाडली आणि ती पलंगाच्या उशाकडील फळीत घुसली, अशी त्याची कथा. बो स्ट्रीटचा शिपाई हेन्री गोडार्ड तपासाला आला. त्याने फळीतली गोळी आणि रँडलच्या स्वतःच्या पिस्तुलाच्या गोळ्या शेजारी ठेवून पाहिल्या. प्रत्येकीवर एक बारीकसा उंचवटा होता. रँडलचा साचा तपासला, तेव्हा त्यात सुईच्या टोकाएवढे भोक आढळले. शिसे त्या भोकात शिरे आणि गोळीवर पुटकुळी उठे. चोरीचा बनाव रचून मालकिणीकडून बक्षीस मिळवायचे हा रँडलचा बेत होता, हे त्याने पुढे कबूल केले. ज्या पुटकुळीकडे त्याने गोळ्या ओतताना ‘काही बिघडत नाही’ म्हणून काणाडोळा केला असेल, तिनेच त्याला उघडे पाडले.

३

पाठचिकित्सेची ओळख असलेल्या वाचकाला ही युक्ती नवी वाटणार नाही. दोन हस्तलिखितांत बरोबर मजकूर सारखा असला तर त्यावरून त्यांचे नाते सिद्ध होत नाही, कारण बरोबर मजकूर कोठूनही येऊ शकतो. एकच चमत्कारिक चूक दोन्हींत सापडली, तर मात्र दोन्हींचे मूळ एक असावे असे अनुमान निघते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तेथे विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोथ्यांची कुळे लावली, ती अशाच समान पाठांच्या, समान भरींच्या आणि समान प्रमादांच्या आधारे. लेखनिकाचा हात घसरला तेथे वंशाची खूण राहिली. साच्यात भोक पडले तेथे गोळीच्या वंशाची.

परंतु पाठचिकित्सक येथे एक खबरदारी घेतो. समान चूक समान पूर्वज दाखवते. ही प्रत त्या प्रतीवरूनच उतरवली आहे, असे तेवढ्यावरून म्हणता येत नाही. रँडलच्या पुटकुळीचेही तसेच आहे. ती साच्याची खूण होती, पिस्तुलाची नव्हे. साचा रँडलच्याच ताब्यात होता म्हणून अनुमान टिकले. त्याच साच्यातून शेजारच्या चार घरांसाठी गोळ्या ओतल्या गेल्या असत्या, तर पुटकुळी तीच राहिली असती आणि पुरावा मात्र विरघळला असता. आजचे तज्ज्ञ हा भेद तीन पायऱ्यांनी सांगतात. एका बनावटीच्या सर्व शस्त्रांत आढळणारी ती वर्गलक्षणे. एकाच अवजाराने लागोपाठ घडवलेल्या काही नगांपुरती मर्यादित ती उपवर्गलक्षणे. आणि एकाच नगाची म्हणून मानली जाणारी ती व्यक्तिलक्षणे. सारा वाद दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मधल्या जागेत आहे.

४

नळीला आटे पाडण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात सार्वत्रिक झाली आणि वाचनाचा तिसरा थर उपलब्ध झाला. फ्रान्समध्ये लियाँचे अलेक्सांद्र लाकासान्य यांनी १८८९ मध्ये गोळीवरील खाचांची संख्या पिस्तुलाच्या आट्यांशी ताडून पाहिली. व्हिक्टोर बाल्ताझार यांनी १९१३ मध्ये गोळीवरच्या खुणांची छायाचित्रे मोठी करून तुलना करण्याची पद्धत मांडली. विद्या अशी बाल्यावस्थेत असतानाच तिच्या नावावर धंदा करणारेही निघाले.

मार्च १९१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट शेल्बी येथे एक वृद्ध शेतकरी आणि त्याच्या घरची कारभारीण यांचा खून झाला. शेजारी शेतमजुरी करणाऱ्या चार्ल्स स्टीलो या निरक्षर माणसाला पोलिसांनी धरले. त्याच्या मालकीचे .२२ चे रिव्हॉल्व्हर मिळाले. अल्बर्ट हॅमिल्टन हे गृहस्थ, नावामागे ‘डॉक्टर’ लावणारे पण वैद्यकाची पदवी नसलेले, सरकार पक्षाचे तज्ज्ञ म्हणून उभे राहिले. रिव्हॉल्व्हरच्या तोंडाशी आपल्याला नऊ ओरखडे दिसले आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या खुणा गोळ्यांवर आहेत, असे त्यांनी शपथेवर सांगितले. छायाचित्रांत त्या खुणा ज्युरीला दिसत नव्हत्या, तरी तज्ज्ञाला त्या दिसतात हे पुरेसे मानले गेले. स्टीलोला मृत्युदंड झाला. विजेच्या खुर्चीची वेळ तासाभराच्या आत येऊन ठेपली असताना त्याला स्थगिती मिळाली.

पुढे राज्यपाल व्हिटमन यांनी नेमलेल्या चौकशीत चार्ल्स वेट नावाचा तपासनीस होता. रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडून त्या रॉचेस्टरच्या बॉश अँड लोंब या भिंगांच्या कारखान्यातील मॅक्स पोझर या तज्ज्ञाकडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेण्यात आल्या. हॅमिल्टनने शपथेवर सांगितलेले ओरखडे कोठेच नव्हते. खुनातल्या गोळ्यांवरील आट्यांच्या खुणा या रिव्हॉल्व्हरच्या आट्यांशी मुळातच जुळत नव्हत्या. म्हणजे प्रश्न व्यक्तिलक्षणांपर्यंत पोचलाच नव्हता. वर्गलक्षणांवरच स्टीलो सुटायला हवा होता. १९१८ मध्ये तो मुक्त झाला. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते असा माणूस, त्याच्या शस्त्रावर नसलेली अक्षरे वाचणाऱ्या माणसामुळे मरता मरता वाचला. वेट यांना या प्रकरणाने झपाटले. त्यांनी अमेरिकेतील आणि युरोपातील शस्त्र कारखान्यांकडून आट्यांची मापे गोळा करायला सुरुवात केली.

५

तोवर दुसरे, याहून गाजलेले प्रकरण उभे राहिले होते. १५ एप्रिल १९२० रोजी मॅसॅच्युसेट्समधील साउथ ब्रेनट्री येथे बुटांच्या कारखान्याचा पगार लुटताना खजिनदार फ्रेडरिक पार्मेंटर आणि रखवालदार अलेसांद्रो बेरार्देल्ली यांना गोळ्या घालण्यात आल्या. निकोला साको आणि बार्तोलोमेओ व्हान्झेत्ती या दोन इटालियन अराज्यवाद्यांवर खटला चालला. बेरार्देल्लीच्या शरीरातून चार गोळ्या निघाल्या. शवचिकित्सा करणारे डॉ. जॉर्ज मॅग्रथ यांनी त्या ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीच्या बुडावर सुईने रेघा ओढल्या: एक, दोन, तीन, चार. प्राणघातक ठरलेली गोळी तिसरी. तिच्यावरील आट्यांचा पीळ डावा होता आणि साकोजवळ सापडलेले .३२ चे कोल्ट पिस्तूलही डाव्या पिळाचे होते.

या गोळीवर आणखी एक खूण होती. ती विंचेस्टरची जुन्या धर्तीची, अंगावर पन्हळ असलेली गोळी होती. नळीशी काडीचाही संबंध नसलेली, निव्वळ कारखान्यातली ही पन्हळ. काडतुसे भरणारा तिला दिसण्यापुरतीच म्हणेल. पण १९२१ मध्ये दोन्ही पक्षांच्या तज्ज्ञांना चाचणीसाठी तशी काडतुसे बाजारात मिळाली नाहीत, आणि अटकेच्या वेळी साकोच्या खिशात तशी सहा निघाली होती. पहिल्या थरातली निर्जीव खूण अशी एकाएकी बोलू लागली.

तरीही खटल्यातला कळीचा पुरावा ठरले ते एक वाक्य. राज्य पोलीस दलातील कॅप्टन विल्यम प्रॉक्टर यांना विचारले गेले की ही गोळी साकोच्या कोल्टमधून झाडली गेली आहे काय, याविषयी आपले मत आहे का. मत आहे, असे ते म्हणाले. काय मत आहे? गोळी त्या पिस्तुलातून झाडली जाण्याशी ‘कन्सिस्टंट’ आहे. या इंग्रजी शब्दाचे मराठी करायला बसले की त्याचे अवघडपण ध्यानात येते. ‘सुसंगत’ म्हटले तर ‘जुळते’ असा होकार ऐकू येतो. ‘विसंगत नाही’ म्हटले तर केवळ नकाराचा अभाव उरतो. पहिल्या भाषांतराने माणूस फासाच्या जवळ जातो आणि दुसऱ्याने फारसे काहीच घडत नाही. प्रॉक्टर यांच्या मनात दुसरा अर्थ होता. ज्युरीने पहिला ऐकला, आणि न्यायाधीश वेब्स्टर थेअर यांनी समारोप करताना तोच सांगितला: साकोच्याच पिस्तुलातून ती गोळी सुटली, अशी साक्ष झाली आहे म्हणून. सरकार पक्षाचे दुसरे तज्ज्ञ चार्ल्स व्हॅन ॲम्बर्ग यांनीही फक्त तसे मानण्याकडे आपला कल असल्याचे सांगितले होते. ‘कल’ आणि ‘सुसंगत’ या दोन लवचीक शब्दांचा सारांश करताना ‘आहे’ हे क्रियापद तयार झाले.

ऑक्टोबर १९२३ मध्ये प्रॉक्टर यांनी प्रतिज्ञापत्र दिले. गोळी त्याच पिस्तुलातून गेल्याचा पुरावा आपल्याला कधीच मिळाला नव्हता. सरकारी वकिलांना ते ठाऊक होते. प्रश्नोत्तराची शब्दयोजना आधी ठरलेली होती. थेट विचारले असते तर आपण नकारच दिला असता, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी ते वारले. प्रतिज्ञापत्राने काही बदलले नाही. थेअर यांनी फेरसुनावणी नाकारली आणि वरिष्ठ न्यायालयाने १९२६ मध्ये तो नकार कायम ठेवला.

याच टप्प्यावर बचावपक्षाने आणलेला एक तज्ज्ञ होता अल्बर्ट हॅमिल्टन. होय, स्टीलोच्या खटल्यातलाच. त्याने न्यायालयात स्वतःची दोन नवी कोल्ट आणि साकोचे कोल्ट शेजारी ठेवून सुटी करून दाखवली. पुढे तपासणी झाली, तेव्हा साकोच्या पिस्तुलाला नवी कोरी नळी जोडलेली आढळली. जी संहिता वाचायची, तिचीच पाने बदलली गेली होती. मूळ नळी नंतर परत बसवण्यात आली, पण संशयाचे बीज रुजले ते रुजलेच. तिसऱ्या गोळीच्या बुडावरच्या मॅग्रथ यांच्या रेघा इतर गोळ्यांवरील रेघांहून वेगळ्या दिसतात, म्हणून गोळीच बदलली गेली असावी, असा तर्क पुढे केला गेला आणि तो आजही केला जातो. ओळख पटावी म्हणून मुद्दाम केलेली खूणच अशी ओळखीविषयी शंका निर्माण करणारी ठरली.

६

एप्रिल १९२५ मध्ये वेट, फिलिप ग्रॅव्हेल, जॉन फिशर आणि कॅल्व्हिन गोडार्ड यांनी न्यूयॉर्कला शस्त्रपरीक्षेची संस्था काढली. बो स्ट्रीटच्या गोडार्डशी या गोडार्डचे केवळ नामसाधर्म्य. ग्रॅव्हेलने दोन सूक्ष्मदर्शक एका सेतूने जोडून तुलनात्मक सूक्ष्मदर्शक या कामासाठी सिद्ध केला. एकाच वर्तुळात डावीकडे एक गोळी आणि उजवीकडे दुसरी दिसते. मधली रेघ ओलांडून ओरखडे सलग जातात की तुटतात ते पाहायचे. टॉम्सच्या फाटक्या कागदाची जुळणी आता धातूवर करता येऊ लागली.

जून १९२७ मध्ये गोडार्डने या यंत्राखाली तिसरी गोळी तपासली आणि ती साकोच्या पिस्तुलातलीच असल्याचे सांगितले. २३ ऑगस्ट १९२७ रोजी साको आणि व्हान्झेत्ती यांना देहदंड झाला. १९२९ मध्ये शिकागोत सेंट व्हॅलेंटाइनच्या दिवशी सात जणांना भिंतीशी उभे करून मारण्यात आले. त्या हत्याकांडातील गोळ्या आणि पुंगळ्या फ्रेड बर्क या गुंडाच्या घरी सापडलेल्या दोन टॉमसन बंदुकांशी गोडार्डने जुळवून दाखवल्या आणि या विद्येची प्रतिष्ठा कळसाला पोचली. ‘गोळी खोटे बोलत नाही’ हा समज रहस्यकथांतून सर्वत्र पसरला तो त्यानंतर.

साकोची गोळी १९६१ मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये तपासली गेली. दोन्ही वेळा निष्कर्ष गोडार्डसारखाच निघाला. येथे वाचकाने थोडे थांबावे. अदलाबदलीचा तर्क बाजूला ठेवला, तर गोळी साकोच्या पिस्तुलातलीच होती असे मानावे लागते. मग प्रॉक्टर यांच्या वाक्याविषयी एवढा खल कशाला? तर यासाठी की १९२१ च्या ज्युरीसमोर तो निष्कर्ष सिद्ध झालेला नव्हता. त्यांना मिळाले होते एक निसरडे वाक्य आणि त्याचा एक ठाम सारांश. उत्तर पुढे बरोबर निघाले म्हणून ते काढण्याची रीत मागाहून बरोबर होत नाही. साहित्याच्या अध्यापकाला हे वेगळे सांगायला नको. कवितेचा योग्य अर्थ चुकीच्या ओळीवरून काढणाऱ्या विद्यार्थ्याला आपण पूर्ण गुण देत नाही. तेथे तर दोन माणसांचे प्राण होते. आणि व्हान्झेत्तीकडे तर ही गोळी बोटही दाखवीत नव्हती.

७

एकविसाव्या शतकात या विद्येची उलटतपासणी सुरू झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००९ मधील अहवालात म्हटले की ओरखड्यांच्या जुळणीला पुरेसा शास्त्रीय पाया दाखवला गेलेला नाही. ‘पुरेसे साम्य’ म्हणजे किती, हे शेवटी तपासनिसाच्या अनुभवावर सोडलेले असते. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाला योग्य रचनेची अशी एकच चाचणी सापडली. तिच्यात, अनिर्णित उत्तरे वगळता, चुकीच्या जुळणीचे प्रमाण सुमारे ६६ त एक असे निघत होते. अनुभवी डोळा बहुतेक वेळा बरोबर असतो, हे त्यातून दिसते. ‘बहुतेक वेळा’ हे शब्द मात्र साक्षीत उच्चारले जात नव्हते.

जून २०२३ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी एक निर्णय दिला. गोळी अमुक शस्त्रातूनच सुटली असे विनाशर्त मत तज्ज्ञाला देऊ द्यायला नको होते, असे बहुमताने ठरवले. खुणा त्या शस्त्रातून सुटलेल्या गोळ्यांवरील खुणांशी ‘कन्सिस्टंट’ आहेत की नाहीत, येथवर सांगण्याला ही पद्धत आधार देते. १०२ वर्षांपूर्वी ज्या शब्दाने ज्युरीची दिशाभूल केली, तोच शब्द आता प्रामाणिकपणाची सीमा म्हणून परत आला. शब्द बदलला नाही. त्याच्याभोवतीचे वाचन बदलले. १९२१ मध्ये तो जाणूनबुजून संदिग्ध ठेवला गेला आणि ऐकणाऱ्याला तो होकार वाटावा अशी व्यवस्था झाली. २०२३ मध्ये त्याची मर्यादा आधी उघड सांगितली गेली आणि मग तो वापरायला परवानगी मिळाली. संदिग्धता आणि संयम यांचा शब्द एकच असू शकतो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी टिपून ठेवावी अशी आहे.

आपल्या कायद्यातही या वाचनाला ‘मत’ असेच म्हटले आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ४५ तज्ज्ञाच्या मताला ‘संबद्ध’ ठरवत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ती तरतूद कलम ३९ मध्ये आली आहे. ‘संबद्ध’ म्हणजे विचारात घेण्याजोगे, ‘सिद्ध’ नव्हे. या दोन शब्दांतले अंतर राखणे हे काही केवळ वकिलांचे काम नाही. गोळीच्या अंगावर साच्याची शिवण असते, भरणाऱ्याच्या हाताचे कडे असते, नळीच्या आट्यांचे पट्टे असतात आणि क्वचित एखाद्या डॉक्टरच्या सुईच्या रेघाही असतात. यांतली एकही खूण स्वतःहून वाक्य उच्चारत नाही. वाक्य माणूस उच्चारतो, दुसरा ते ऐकतो, तिसरा त्याचा सारांश करतो, आणि तेवढ्या प्रवासात ‘असू शकेल’ चे ‘आहे’ होऊन जाते. हा प्रवास जेथे जेथे होतो तेथे तो थांबवून तपासायला ज्यांना शिकवले गेले आहे, ते लोक म्हणजे आपण, संहितेचे वाचक.